गाडी खाली बसवली की टायर आतून का झिजतात?

गणेशोत्सवात मंडळाच्या आवारात गाड्या नीट लावून घेण्याचे काम दरवर्षी आम्हा निवृत्त मंडळींकडे असते. यंदा त्या निमित्ताने एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. तरुण सभासदांच्या सात-आठ गाड्या नेहमीपेक्षा बऱ्याच खाली बसलेल्या होत्या. फाटकापाशी सिमेंटचा जो उंचवटा आहे, तो ओलांडताना त्या तिरप्या करून एकेक चाक चढवत आत घ्याव्या लागत होत्या. विचारले की उत्तर एकच, "काका, लो केली आहे."

दिसायला या गाड्या देखण्या असतात, हे आम्ही मनापासून मान्य करतो. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली मोठी पोकळी भरून आली की साधी हॅचबॅकसुद्धा रुबाबदार दिसते. वळणावर ती कमी झुकते, हेही खरे. तेव्हा 'आजकालची मुले' या सदरात मोडणारा हा लेख नाही. प्रश्न वेगळा आहे. त्या गाड्यांपैकी पाच गाड्यांच्या पुढच्या टायरांच्या आतल्या कडा आम्ही मोबाइलचा दिवा लावून पाहिल्या. तीन गाड्यांच्या कडा उघडउघड झिजलेल्या होत्या आणि एकीच्या टायरची तर आतल्या बाजूने तार दिसू लागली होती. बाहेरून तोच टायर निम्म्याहून अधिक शिल्लक वाटत होता. ती गाडी पुढच्या आठवड्यात घरच्या पाच माणसांना घेऊन लग्नासाठी पुण्याला निघणार होती.

इंदूर ते पुणे म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर. मानपूरचा घाट, धामनोद, सेंधवा ओलांडल्यावर बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, मालेगाव आणि पुढे दिवसभर तापलेला रस्ता. टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांच्या कडेपाशी टायर सर्वांत जास्त ताण सोसतो. नेमके तिथलेच रबर संपले, की उष्णता आणि पाणी थेट पट्ट्यांपर्यंत पोहोचते. शहरात ताशी चाळीसच्या वेगाने असा टायर महिनाभर तक्रार न करता चालेल. ताशी शंभरच्या वेगाने, पाच माणसे आणि डिकीभर सामान घेऊन तो किती चालेल, याची हमी कोणी देऊ नये. तो टायर त्याच दिवशी बदलला गेला. पण मुलाचा प्रश्न रास्त होता: "काका, मी तर दोन महिन्यांपूर्वीच अलाइनमेंट करून घेतली. मग असे का झाले?"

आमच्यातल्या एका सभासदांचे आयुष्य पीथमपूरच्या वाहन कारखान्यात गेले आहे, आणि आमचे बँकेच्या खतावण्यांत. दोघांनी मिळून त्याला जे समजावले, तेच इथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

चपलेचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. ज्याची पावले चालताना आतल्या अंगाला कलतात, त्याची टाच आतून झिजते, आणि चप्पल कितीही भारी घेतली तरी ती आतूनच झिजते. टायरचेही तसेच आहे. झीज कुठे झाली यावरून चाक जमिनीवर कसे टेकते आहे ते कळते. टायर दोन्ही कडांना झिजला आणि मध्ये शिल्लक राहिला, तर हवा कमी असते. मध्ये झिजला आणि कडा शाबूत राहिल्या, तर हवा जास्त असते. जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजला, तर शॉकअॅब्सॉर्बर थकलेला असतो किंवा बॅलन्सिंग बिघडलेले असते. आणि एकाच कडेला झिजला, तर चाकाचा कोन चुकलेला असतो. गाडी खाली बसवल्यावर दिसणारी झीज या शेवटच्या प्रकारातली, आणि ती बहुधा आतल्या कडेची.

कोन मुख्यतः दोन. पहिल्याला कॅम्बर म्हणतात. गाडीसमोर उभे राहून पाहिले असता चाक सरळ उभे आहे की वरून आत कललेले आहे, हा तो कोन. वरची बाजू आत कलली तर उणे कॅम्बर. दुसरा कोन म्हणजे टो. हा वरून, म्हणजे छतावरून पाहिल्यासारखा पाहायचा. दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतील तर टो आत, एकमेकांपासून फाकलेली असतील तर टो बाहेर. पाय फेंगडे टाकत चालणारा माणूस डोळ्यांसमोर आणला, की टो बाहेर म्हणजे काय ते लगेच समजते. कॅस्टर नावाचा आणखी एक कोन असतो, पण टायरच्या झिजेशी त्याचा संबंध थोडा आहे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

आता गाडी खाली बसवल्यावर हे कोन का बदलतात? स्विफ्ट असो, पोलो असो, आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या बाजूला मॅकफर्सन पद्धतीची बैठक असते. चाकाचा वरचा भाग स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या उभ्या खांबाला धरलेला असतो आणि खालचा भाग एका आडव्या दांड्याला, ज्याला गॅरेजमध्ये लोअर आर्म म्हणतात. या दांड्याचे आतले टोक गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखे जोडलेले असते आणि बाहेरचे टोक चाकापाशी वरखाली होते. कंपनीतून आलेल्या गाडीत हा दांडा बाहेरच्या बाजूला थोडा उतरता असतो. गाडी खाली आणली, म्हणजे सांगाड्याच्या मानाने चाक वर गेले, आणि उतरता दांडा आडवा होऊ लागला. बिजागरीवरचा कोणताही दांडा पूर्ण आडवा असतो तेव्हाच त्याचे टोक सर्वांत लांब पोहोचते. त्यामुळे चाकाचा तळ बाहेर ढकलला जातो आणि वरचा भाग खांबाने धरलेला असल्यामुळे जिथल्या तिथे राहतो. चाक वरून आत कलले. हाच उणे कॅम्बर.

गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली आणली तर साधारण अर्धा ते एक अंश फरक पडतो. फार जास्त खाली आणली आणि दांडा आडव्याच्याही वर गेला, तर हा हिशेब उलटा फिरू लागतो आणि वळणावर चाक हवे तसे टेकत नाही. म्हणजे जी गाडी रस्त्याला चिकटून चालावी म्हणून खाली आणली, ती अतिरेक केल्यावर उलट कमी पकड घेते. शर्यतीच्या गाड्यांची नक्कल करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

टो बदलण्याचे कारण स्टेअरिंगच्या दांड्यात आहे. चाकाला वळवणारा टाय रॉड हाही एका बाजूने बांधलेला दांडाच. लोअर आर्मची लांबी वेगळी, टाय रॉडची वेगळी, आणि दोघांचा मूळ उतारही थोडा वेगळा. झोपाळ्याच्या एका बाजूची कडी लांब आणि दुसऱ्या बाजूची आखूड असली तर फळी झुलताना सरळ राहत नाही, वाकडी फिरते. तसेच इथे होते. दोन्ही दांडे चाकाबरोबर वर जातात, पण सारखेच अंतर बाहेर सरकत नाहीत, आणि जो फरक उरतो तो चाक थोडे वळवण्यात खर्ची पडतो. कोणत्या गाडीत चाके बाहेर फाकतात आणि कोणत्या गाडीत आत वळतात, हे स्टेअरिंगची रॅक कुठे आणि किती उंचीवर बसवली आहे त्यावर ठरते. पण उंची बदलली आणि टो तसाच राहिला, असे क्वचितच होते.

या दोन कोनांपैकी दोषी कोण? आमच्या पाहण्यात बहुतेक जण कॅम्बरला दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. आमचे मत वेगळे आहे. कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर जातो हे खरे, पण चाक सरळ पुढे धावत असेल तर ती कड नुसती जास्त भार घेऊन फिरते आणि झीज हळूहळू होते. पुष्कळ गाड्यांना कंपनीच थोडा उणे कॅम्बर देते आणि त्यांचे टायर व्यवस्थित चालतात. टोचे तसे नाही. टो चुकला असेल तर चाक जिकडे तोंड करून आहे तिकडे जाऊ पाहते आणि गाडी त्याला सरळ ओढत नेते. म्हणजे टायर प्रत्येक फेऱ्यात थोडा आडवा घासला जातो.

हा घास किती, याचा हिशेब मांडून पाहू. १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो. समजा एका चाकाचा टो फक्त दीड मिलिमीटरने चुकला आहे, म्हणजे चाकाच्या पुढच्या आणि मागच्या टोकात तेवढाच फरक आहे. दीड भागिले ६२० म्हणजे सुमारे ०.००२४. याचा अर्थ गाडी एक किलोमीटर पुढे गेली, की चाकाच्या मनातली दिशा आणि गाडीची दिशा यांत जवळपास अडीच मीटरांचे आडवे अंतर पडते. दहा हजार किलोमीटरला हे अंतर चोवीस किलोमीटर होते! रबर लवचिक असल्यामुळे ते सगळेच अंतर घासून जात नाही, काही रबराच्या वाकण्यात सामावते. तरीही इंदूरपासून महूपर्यंत टायर आडवा फरफटत नेण्याची कल्पना केली, तर टायर का संपतो हे सांगावे लागत नाही. चक्रवाढ व्याजासारखेच हे. दर दिसायला किरकोळ, पण मुदत मोठी.

आणि जेव्हा कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर गेलेला असतो, तेव्हा टो बाहेर फाकला की तो आडवा घास नेमका त्याच कडेच्या वाट्याला येतो. दोघे मिळून आतली कड खातात आणि बाहेरची कड नवी दिसत राहते. आमच्या गॅरेजवाल्याचे शब्द, "साहब, अंदर अंदर से खा गया।"

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अलाइनमेंट करूनही असे का झाले?

अलाइनमेंटच्या दुकानात चाकांना चौकोनी फलक लावतात, गाडी थोडी मागेपुढे ढकलतात, कॅमेरे ते फलक वाचतात आणि पडद्यावर आकडे येतात. हिरवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. कारागीर टाय रॉडचे नट सैल करतो, आटे फिरवतो, पुढच्या चाकांचा टो हिरव्यात आणतो, स्टेअरिंग सरळ करतो आणि पैसे घेतो. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवण्याची सोय कंपनीने दिलेलीच नसते. त्यामुळे कॅम्बरचा आकडा लाल असला तरी कारागीर तो तसाच सोडतो. त्यात त्याची लबाडी असतेच असे नाही. त्याच्या हातात पाना आहे, पण फिरवायला बोल्टच नाही. मात्र 'अलाइनमेंट झाली' हे वाक्य ग्राहकाला जेवढे पूर्ण वाटते, तेवढे ते पूर्ण नसते.

त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. स्प्रिंगा बसवल्या त्याच संध्याकाळी शेजारच्या दुकानात अलाइनमेंट केली होती. नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटर चालल्यावर आणखी थोड्या दबतात. त्यांच्याबरोबर गाडी आणखी थोडी खाली येते आणि पहिल्या दिवशी हिरव्यात आणलेला टो पुन्हा सरकतो. म्हणून स्प्रिंगा बदलल्यावर लगेच एकदा आणि पाचशे ते हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा, अशी दोनदा अलाइनमेंट करावी. दुसरी करायला सांगण्याचे त्या दुकानदाराने कष्ट घेतले नाहीत. कदाचित ग्राहकानेही ऐकले नसते.

आमची सर्वांना एकच आग्रहाची विनंती आहे. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही आकड्यांसह. पासबुकात नोंद नसेल तर पैसे भरले याला पुरावा काय? 'मशीन का प्रिंटर खराब है' असे उत्तर मिळाले, तर पडद्याचा फोटो काढून घ्यावा. कागदावर चारही चाकांचा टो आणि कॅम्बर दिसला पाहिजे. डावीकडचा आणि उजवीकडचा कॅम्बर जवळपास सारखा आणि दोन्हीकडे वाढलेला असेल, तर ते गाडी खाली बसवल्याचे काम. एकाच बाजूचा आकडा वेगळा पडला असेल, तर ते खड्ड्याचे काम. लोअर आर्म किंवा खांब वाकला असण्याची शक्यता धरावी आणि तो भाग आधी बदलावा. वाकलेल्या भागावर अलाइनमेंट करणे म्हणजे चुकीच्या शिलकेवर पुढचे पान लिहिणे.

कॅम्बर सुधारायचा असेल तर दोन उपाय आहेत. खांब आणि चाक जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट बसवतात. हा बोल्ट मध्ये एका बाजूला फुगीर असतो, त्यामुळे तो फिरवला की चाक कलते. साधारण एक-दीड अंशापर्यंत सुधारणा त्यातून मिळते आणि सौम्य प्रमाणात खाली बसवलेल्या गाडीला ती पुरते. दुसरा उपाय खांबाच्या वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट बसवण्याचा. तो खर्चिक, थोडा खडखडाट करणारा आणि घरगुती गाडीला बहुधा अनावश्यक. कॅम्बर बदलला की टो पुन्हा बदलतो, म्हणून क्रम आधी कॅम्बर, मग टो, असाच ठेवावा. हा क्रम उलटा झालेला आम्ही पाहिला आहे.

मागच्या चाकांबद्दल थोडक्यात. छोट्या गाड्यांत मागे बहुधा एकसंध आडवा बीम असतो. गाडी खाली आणली तरी त्यात मागच्या चाकांचे कोन फारसे बदलत नाहीत. ज्या मोठ्या गाड्यांना मागे अनेक दांड्यांची स्वतंत्र बैठक असते, त्यांत मात्र कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. तिथे चारही चाकांची अलाइनमेंट करण्यावाचून गत्यंतर नाही.

गॅरेजमध्ये हमखास विसरली जाणारी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. लोअर आर्मच्या बिजागरीत रबराचे बुश असतात. ते फिरत नाहीत, पीळ खातात. कंपनीत त्यांचे बोल्ट गाडी तिच्या मूळ उंचीवर असताना कसलेले असतात, म्हणजे सरळ उभ्या असलेल्या गाडीत रबराला पीळ नसतो. गाडी खाली आणली आणि ते बोल्ट तसेच ठेवले, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बुश फाटला की चाक ब्रेक लावताना एकीकडे आणि वेग घेताना दुसरीकडे सरकते. मग पडद्यावरचा हिरवा आकडा फक्त दुकानापुरता खरा उरतो. उपाय फुकटातला आहे. गाडी चारही चाकांवर उभी असताना ते बोल्ट सैल करून पुन्हा कसावेत. कारागिराला हे आपण आठवण करून द्यावे, रागावला तरी चालेल.

स्प्रिंगा कापून गाडी खाली आणण्याचा जो स्वस्त प्रकार आहे, त्याबद्दल आम्ही कडक बोलणार आहोत. ग्राइंडरने एक-दीड वेटोळे कापले की गाडी खाली बसते, पैसेही वाचतात. पण कापलेले टोक खालच्या बशीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात लटकले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. कापल्यामुळे स्प्रिंग कडक होते, पण शॉकअॅब्सॉर्बर जुनाच असतो, त्यामुळे तो तिला आवरू शकत नाही आणि गाडी उसळत राहते. उसळणारे चाक टायरला खळगे पाडते. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून दाबण्याचा प्रकार तर याहून वाईट, कारण त्यात पोलादाचे पाणीच उतरते आणि स्प्रिंग कधी तुटेल याचा नेम राहत नाही. खाली आणायचीच असेल, तर त्या मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअॅब्सॉर्बर, एवढा खर्च धरूनच विचार करावा. तेवढे पैसे जमत नसतील, तर पैसे जमेपर्यंत थांबावे.

आणि खर्च म्हणजे नुसत्या स्प्रिंगांचा नव्हे. स्प्रिंगा, कॅम्बर बोल्ट, दोन वेळची अलाइनमेंट, आणि आपल्या गतिरोधकांवर लवकर थकणारे शॉकअॅब्सॉर्बर, असा पूर्ण अंदाज आधी कागदावर मांडावा. हॅचबॅकच्या तळाची जमिनीपासूनची उंची साधारण १६० ते १७० मिलिमीटर असते. चाळीस मिलिमीटर खाली आणली तर उरतात १२० ते १३०. पाच माणसे आणि सामान भरले की आणखी तीन-चार सेंटिमीटर जातात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या वसाहतींतले गतिरोधक कोणत्या मानकाने बांधतात, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. एकूण, जास्तीत जास्त पंचवीस-तीस मिलिमीटरवर थांबावे, असे आमचे मत आहे.

कायद्याची बाजूही विसरू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली आहे. उंची थोडी कमी करणे त्यात बसते की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. दाव्याच्या वेळी सर्वेक्षकाला प्रथमच कळलेला बदल नेहमी महागात पडतो, हे बँकेत वाहनकर्जाच्या फायली हाताळताना आम्ही पुष्कळ वेळा पाहिले आहे.

आता ज्यांच्या गाड्या आधीच खाली बसलेल्या आहेत, त्यांनी घरच्या घरी काय पाहावे? गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि इंजिन बंद करा. पुढच्या चाकाची पूर्ण नक्षी समोर येते. मागच्या चाकांसाठी मोबाइल चाकामागे धरून फोटो काढावा. नक्षीच्या खाचांत मधूनमधून छोटे उंचवटे असतात. खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली की ते नक्षीच्या पातळीला येतात. मोटारगाडीच्या टायरची कायदेशीर मर्यादाही तीच आहे. हे उंचवटे आत, मध्ये आणि बाहेर, तिन्ही ठिकाणी पाहावेत. खोली मोजायचे छोटे माप बाजारात स्वस्तात मिळते. तीन ठिकाणचे आकडे महिन्यातून एकदा वहीत लिहावेत. आत आणि बाहेर यांतला फरक महिन्यागणिक वाढत असेल, तर टायर संपायची वाट पाहू नये.

डोळ्यांपेक्षा हात लवकर सांगतो. तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे खरखरीत लागले, तर टो चुकलेला आहे. ठोकळ्यांच्या धारदार कडा गाडीच्या आतल्या बाजूला रोखलेल्या असतील तर टो जास्त आत, बाहेरच्या बाजूला रोखलेल्या असतील तर टो बाहेर. हात फिरवण्यापूर्वी मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण तार बाहेर आलेली असेल तर ती हाताला लागते.

कॅम्बर पाहायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. सपाट फरशीवर, चाके सरळ ठेवून, मडगार्डपासून ओळंबा सोडावा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. १५ इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण सात मिलिमीटरचा फरक. मशीनइतके हे अचूक नाही, पण डावे-उजवे सारखे आहे की नाही एवढे नक्की कळते. पीथमपूरवाल्या सभासदांकडे पितळी ओळंबा आहे आणि रविवारी सकाळी ते मंडळात असतात. कोणाला गाडी दाखवायची असेल तर घेऊन यावी.

टायर आतून झिजू लागले असतील तर आदलाबदल करून काही महिने काढता येतात, असे पुष्कळ जण सुचवतात. टायर रिमवरून काढून उलटा बसवला, तर झिजलेली कड बाहेर येते आणि दुसरी कड वापरली जाते. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो किंवा आत-बाहेर अशा खुणा असतात, त्यांच्याबाबत हा विचार कारागिरावर न सोडता आधी त्या खुणा वाचाव्यात. आणि कोन दुरुस्त न करता नुसती आदलाबदल केली, तर आधी दोन टायर खराब होते, मग चार होतात. तार दिसलेला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नये. स्टेपनी लागते ती घाटात आणि रात्रीच.

एक शेवटचे. काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर दुकानात सोडून येऊ नयेत. घरी आणून, तेलाचे बोट फिरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. गाडी विकताना खरेदीदार ते मागतो. घरात आजी-आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसलेल्या गाडीत चढणे-उतरणे जड जाऊ लागले, तर तेच पुन्हा बसवता येतात. मात्र त्या दिवशीही अलाइनमेंट नव्याने करावी लागेल, आणि बुशांचे बोल्टही पुन्हा सैल करून कसावे लागतील.